आपल्या देवळाचा चुना

जीर्णोद्धार समितीने ह्या स्मरणिकेसाठी देवळाच्या बांधकामाच्या इतिहासावर लेख मागितला. दैवताचा महिमा, यात्रेची प्रथा, पालखीचे मानकरी ह्या विषयांवर गावातील जाणत्या मंडळींनी ह्याच अंकात लिहिले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने साधा आहे. दोन विटांच्या मध्ये जो पांढरट पदार्थ असतो आणि ज्याच्याकडे दर्शनाला येणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही, त्या चुन्याचा हा इतिहास आहे.

असा विषय घेण्यास कारण आहे. शिखराची दुरुस्ती सिमेंटने करावयाची की चुन्याने, ह्या एका प्रश्नावर गावकऱ्यांच्या बैठकांत पुष्कळ बोलणे झाले. काही देणगीदारांनी सिमेंटच्या गोण्या आधीच देऊ केल्या होत्या. चुन्याने करावे असे ठरले तेव्हा समिती जुन्याचा हट्ट धरते आहे, असे अनेकांना वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविकही होते. त्या गोण्या वाया गेल्या नाहीत. आवाराची भिंत आणि भक्तनिवासाचा पाया त्यांतूनच झाला आहे. तथापि ज्यांनी कष्टाचा पैसा दिला त्यांना शिखराला सिमेंट का लावले नाही हे समजले पाहिजे. ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि थोडे रसायनशास्त्रातही शिरावे लागेल. वाचकांनी धीर धरावा. त्यात अवघड असे काही नाही.

आपल्या देवळाचे दोन भाग डोळ्यांनीच वेगळे कळतात. गाभारा आणि अंतराळ काळ्या घडीव दगडाचे आहेत. त्यांच्या सांध्यांत चुना नाही. दगड दगडावर नेमका बसवून, खाचा पाडून, वजनाने वजन तोलले आहे. ह्या पद्धतीला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री किंवा हेमाडपंत हा तेराव्या शतकातील महादेव आणि रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री. पण ही पद्धत त्याच्याही आधीची आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तेव्हा नाव हेमाडपंताचे असले तरी हात त्याच्या पूर्वीच्या पाथरवटांचे होते.

आपले शिखर मात्र विटांचे आणि चुन्याचे आहे, उत्तर मराठेशाहीत जागोजाग झाले तसे. मधल्या काळात दख्खनमध्ये विटा आणि चुना ह्यांचे काम फार पुढे गेले होते. विजापूरच्या गोलघुमटाचा घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे आणि तो विटा व चुना ह्यांच्या भरवशावर सतराव्या शतकापासून उभा आहे. त्याला लोखंडी सळई नाही, मध्ये खांब नाही. हा चुना कच्चा असता तर घुमट इतकी शतके उभा राहिला नसता. मराठी मुलुखातही गडांवर, वाड्यांत, विहिरींत आणि देवळांत तोच चुना गेला. अनेक गडांवर चुना मळण्याच्या घाणीचे गोल दगडी चर आजही पाहावयास मिळतात.

हा चुना आणला कोठून? कोकणात समुद्रकाठी शिंपले भाजून चुना करीत. घाटावर समुद्र नाही, आणि चुनखडकाचे खरे जाड थर यवतमाळ-चंद्रपूरकडे आहेत. बाकी सगळा काळा बसाल्ट खडक. तरीही ह्या भागात पूर्वी चुन्याला तोटा पडला नाही, कारण काळ्या जमिनीत आणि ओढ्याच्या काठाच्या दरडीत सापडणारी चुनखडी. नांगराच्या फाळाला लागणारे ते पांढरट, वेडेवाकडे, बटाट्याएवढे गोटे शेतकऱ्याला नकोसे वाटतात. विहीर खणताना मातीखाली त्यांचा थर लागतो. गोदावरी, प्रवरा, भीमा ह्या नद्यांच्या जुन्या गाळात ते भरपूर आहेत.

काळ्या खडकातून पांढरा दगड कसा निघाला, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर पाण्यात आहे. आपला बसाल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा कॅल्शियमचा ऑक्साइड असतो, परंतु तो इतर खनिजांत जखडलेला असतो. पावसाचे थेंब खाली येताना हवेतील थोडा कार्बन डायऑक्साइड वायू विरघळवून घेतात आणि पाणी किंचित आंबट होते. जिभेला कळणार नाही इतके किंचित. हे पाणी जमिनीत मुरते तेव्हा त्याला आणखी वायू मिळतो. पिकांची मुळे आणि मातीतले जीव श्वास सोडत असतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतील हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या दहा ते शंभर पट असू शकतो. असे आंबट पाणी खडकाला हळूहळू झिजवते आणि कॅल्शियम सोडवून बायकार्बोनेटच्या रूपात आपल्याबरोबर नेते. हे विरघळलेले द्रव्य डोळ्यांना दिसत नाही. विहिरीचे पाणी स्वच्छच दिसते. आपण फक्त म्हणतो की पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही.

पुढे उन्हाळा येतो. पाणी मातीतून वर ओढले जाते, उडून जाते, वायूही निसटतो. वायू गेला की पाण्याला इतके कॅल्शियम पेलवत नाही. मग ते कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात कणाकणाने खाली बसते. एखाद्या खड्याभोवती किंवा कुजलेल्या मुळाच्या पोकळीत असा कणावर कण बसत हजारो वर्षांत चुनखडीचा गोटा होतो. आपल्याकडील पावसाळ्याचे चार महिने आणि कोरडे आठ महिने ह्या कामाला फारच सोयीचे आहेत. जेथे पाऊस धो धो वाहतो तेथे कॅल्शियम वाहून जाते, गोटे होत नाहीत. म्हणून कोकणच्या लाल जमिनीत चुनखडी नाही आणि देशावरच्या काळ्या जमिनीत आहे.

बंबात किंवा पाणी तापवण्याच्या हंड्यात आत पांढरा कठीण थर बसतो तोही हाच. फरक एवढाच की जमिनीला जे हजारो वर्षे लागतात ते चुलीवर काही महिन्यांत होते, कारण तापलेल्या पाण्यातून वायू लगेच निघून जातो.

जाता जाता लोणारचा उल्लेख केला पाहिजे, कारण आपल्या गावातून लोणारला जाणारे पुष्कळ आहेत. तेथील सरोवर ह्याच बसाल्टमध्ये आहे. उल्का पडून झालेल्या त्या विवराचे वय पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास काढले आहे. सरोवराला बाहेर वाट नाही. आत आलेले पाणी केवळ उडून जाते. त्यात कॅल्शियम प्रथम कार्बोनेट होऊन तळाशी बसते आणि ते संपल्यावर जे सोडियम उरते त्याचा कार्बोनेट, म्हणजे पापडखाराच्या जातीचा खार, पाण्यात साठत जातो. पाणी खारट आणि हाताला बुळबुळीत लागते ते त्यामुळे. आइन-इ-अकबरीत लोणारच्या ह्या खाराचा उल्लेख काच आणि साबण ह्यांच्या संदर्भात आला आहे. एकाच खडकातले एकाच पावसाचे पाणी. वाट मिळाली तर एक फळ, न मिळाली तर दुसरे.

असो. आपण चुनखडीकडे वळू.

चुनखडीचा गोटा भिंतीत बसवता येतो, पण तो दुसऱ्या गोट्याला चिकटत नाही. त्याचा चुना व्हावयाचा तर त्याला भाजावे लागते. आणि येथे ज्यांचे नाव कोणत्याही शिलालेखात कोरलेले नसते त्या लोकांचे स्मरण करणे प्राप्त आहे. लोणारी समाजाचा हा वंशपरंपरेचा धंदा. लोणारी ह्या नावाचे नाते लवण, म्हणजे मीठ, ह्या शब्दाशी आहे. त्यांच्यात मीठ लोणारी आणि चुना लोणारी असे भेद होते. चुना लोणारी ओढ्याकाठी चुनखडी वेचीत, भट्टी रचीत, कोळशाचा आणि चुनखडीचा थरावर थर देऊन ती पेटवीत. आपल्या ओढ्याच्या वळणावर ज्या जागेला जुनी माणसे भट्टीची जागा म्हणतात, तेथील माती अजून राखट आहे. देऊळ बांधणाऱ्या सरदाराचे नाव सांगणारे पुष्कळ भेटतात. पण धुरात उभे राहून, डोळे चुरचुरत असताना, भट्टीचा रंग पाहून ती कधी उतरवावयाची हे ठरवणारा जो कोणी होता, त्याचा हात चुकला असता तर त्या सरदाराचे शिखर दुसऱ्या पावसाळ्यातच ढासळले असते.

भट्टीत काय होते? सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेला कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ४४ किलो वायू उडून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. गोटा आकाराने फारसा बदलत नाही, पण हातात घेतला तर हलका लागतो. जुने लोणारी ह्या हलकेपणावरूनच भाजणी ओळखत. कमी भाजला तर आत कच्चा दगड राहतो. फार भाजला तर तो मुका होतो, पाणी टाकले तरी लवकर फुटत नाही आणि पुढे गिलाव्यात बसल्यावर उशिराने फुगून पापुद्रे पाडतो.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फणफणतो, वाफा सोडतो, फुटून त्याचे पीठ होते. ह्याला चुना विरणे म्हणतात. ५६ किलो कळी १८ किलो पाणी पिऊन ७४ किलो विरलेला चुना होते. तयार होणारी उष्णता इतकी असते की पाणी उकळू लागते. लहान मुलांना ह्या वेळी जवळ येऊ देऊ नये. डोळ्यात उडालेला चुना दृष्टी घालवू शकतो.

आता खरी गंमत पुढे आहे. हा विरलेला चुना भिंतीत गेल्यावर घट्ट का होतो? तो वाळतो म्हणून घट्ट होतो असे बहुतेकांना वाटते. चिखलही वाळतो, पण पाणी लागताच पुन्हा चिखल होतो. चुना तसा होत नाही. भट्टीत जो वायू उडून गेला होता तोच हवेतून परत घेऊन चुना पुन्हा चुनखडी होतो. ७४ किलो विरलेला चुना ४४ किलो वायू घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा १०० किलो दगड होतो. हिशेब तंतोतंत जुळतो. ओढ्यातला दगड भट्टीतून, पाण्यातून आणि हवेतून फिरून शिखरावर जातो आणि पुन्हा ओढ्यातलाच दगड होतो. मात्र आता त्याने दोन विटा धरून ठेवलेल्या असतात.

पान खाणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावयास नको. चुनाळे उघडे राहिले तर चुना कडक होतो आणि मग तो पानाला लावून उपयोग नसतो. त्यावर थोडे पाणी राहू दिले तर तो मऊ राहतो. हवेतला वायू पाण्याखाली सहज पोहोचत नाही, हे त्याचे कारण. म्हणजे ज्ञान आपल्या खिशातच होते.

ह्या गोष्टीचा उलगडा करणारा पहिला शास्त्रज्ञ स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक. भट्टीतील अग्नीचे काही अंश दगडात शिरतात आणि म्हणून चुना दाहक होतो, अशी त्या काळी विद्वानांची समजूत होती. ब्लॅक हा वैद्यकाचा विद्यार्थी. मूतखड्यावर तेव्हा चुन्याचे पाणी देत, त्याहून सौम्य औषध तो शोधत होता. त्याने प्रत्येक पायरीला तराजू वापरला आणि दाखवून दिले की भाजताना दगडात काही शिरत नाही, उलट त्यातून एक हवा निघून जाते. १७५४ साली त्याने हे प्रबंधात मांडले आणि १७५६ साली त्याचे प्रयोग छापून प्रसिद्ध झाले. ती हवा आपल्या उच्छ्वासातही असते हे त्यानेच दाखवले. आपल्या लोणाऱ्यांना ह्यातले शास्त्र ठाऊक नव्हते, आणि ब्लॅकला त्यांच्याइतका चांगला चुना भाजता आला असता की नाही ह्याची शंकाच आहे.

शाळेतील मुलांनी गुरुजींच्या देखरेखीखाली पुढील प्रयोग अवश्य करावा. पाण्यात चिमूटभर विरलेला चुना ढवळून रात्रभर ठेवावा आणि वरची स्वच्छ निवळी अलगद काढून घ्यावी. एक लिटर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. ह्या निवळीत पुष्कळ साधे पाणी मिसळावे आणि पपईच्या पानाच्या पोकळ देठातून हळूहळू फुंकावे. फुंकावे, ओढू नये. थोड्याच वेळात पाणी दुधासारखे होते. श्वासातला वायू पाण्यात विरघळला, चुन्याशी मिळाला आणि चुनखडीचे बारीक कण तयार झाले. चुनखडी साध्या पाण्यात फारच थोडी, लिटरला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते. म्हणून ती लगेच बाहेर पडते. आता फुंकणे चालूच ठेवावे. बराच वेळ लागतो, मुले आळीपाळीने फुंकतील. हळूहळू दुधाळपणा कमी होऊन पाणी पुन्हा स्वच्छ होऊ लागते! वायू जास्त झाला आणि चुनखडी बायकार्बोनेट होऊन विरघळली. हेच आपल्या विहिरीचे जड पाणी. हे स्वच्छ पाणी उकळावे. वायू उडतो आणि पाणी पुन्हा गढूळ होते. हाच बंबातला थर आणि हीच शेतातली चुनखडी. एका पेल्यात सगळा इतिहास उलगडतो.

ह्या प्रयोगातून बांधकामाला उपयोगी अशी एक गोष्ट लक्षात येते. सगळे काही पाण्यात घडते. कोरडा चुना आणि कोरडा वायू एकमेकांजवळ ठेवले तरी त्यांच्यात फारसे काही होत नाही. वायूला आधी पाण्याच्या पातळ पापुद्र्यात विरघळावे लागते, चुन्यालाही त्याच पाण्यात उतरावे लागते, मग त्यांची गाठ पडते. म्हणून चुन्याचा गिलावा उन्हात भराभर वाळू दिला तर तो भुसभुशीत राहतो. आणि तो पाण्यात पूर्ण बुडवून ठेवला तर वायू आत जात नाही. ओलसर असावा, पण छिद्रे मोकळी असावीत. ह्यासाठीच आपल्या गवंड्यांनी शिखराला गोणपाट बांधून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले. पाणी वाया घालवतात म्हणून त्यांना बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शिंपल्याचा किंवा शुद्ध दगडाचा चुना असा केवळ हवेवर घट्ट होतो, आणि ते काम फार सावकाश चालते. वरचा पापुद्रा काही आठवड्यांत दगड होतो, पण आत शिरावयाला वर्षे लागतात, कारण प्रत्येक घट्ट झालेला थर पुढच्या वायूची वाट अडवतो. जाड भिंतीच्या पोटात चुना दीर्घकाळ कच्चाच राहिलेला आढळतो. पण आपल्या शेतातल्या चुनखडीत निसर्गतःच थोडी चिकणमाती असते. ती बरोबर भाजली गेली की तिच्यातील सिलिका चुन्याशी पाण्यातच संयोग पावते आणि हवा नसली तरी घट्ट होते. विहिरीच्या आणि धरणाच्या कामाला असा चुना चालतो. इंग्लंडात जॉन स्मीटनने १७५६ साली एडिस्टनच्या दीपगृहासाठी निरनिराळे चुने तपासले, तेव्हा मातीमिश्रित दगडाचा चुनाच पाण्यात टिकतो असे त्यास आढळले. आपल्याकडे शुद्ध चुन्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालून तोच गुण आणत.

शिवाय गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, ताग इत्यादी. ह्यांविषयी गावोगाव अनेक कथा आहेत, आणि त्यांतील काहींत गुळाच्या ढेपा इतक्या सांगतात की देऊळ बांधले की लाडू वळले असा प्रश्न पडावा. पण मूळ गोष्टीत तथ्य आहे. साखर विरघळलेल्या पाण्यात साध्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक चुना विरघळतो, त्यामुळे तो बारीक छिद्रांत पोहोचतो. तंतूंनी गिलाव्याला तडे जात नाहीत. वेरूळच्या लेण्यांतील जुन्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ह्या वेळी आपण गूळ आणि बेलफळाचा गर बेताने वापरला. घाणी बैलाऐवजी विजेच्या मोटारीवर फिरवली, कारण गावात आता बैलजोड्या मोजक्या राहिल्या आहेत आणि पेरणीच्या दिवसांत त्या मागणे प्रशस्त वाटले नाही.

आता सिमेंट. १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन ह्या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आज जे सिमेंट वापरतो ते चुनखडक आणि चिकणमाती सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवून करतात. ते हवेची वाट पाहत नाही. पाणी मिळताच घट्ट होऊ लागते आणि २८ दिवसांत बहुतेक ताकद घेते. भारतात १९१४ साली पोरबंदरला त्याचे उत्पादन सुरू झाले. धरणे, पूल, पाण्याच्या टाक्या आणि आपल्या शाळेची इमारत सिमेंटशिवाय झाली नसती. सिमेंटला नावे ठेवणे हा ह्या लेखाचा हेतू नाही.

अडचण जोडीची आहे. आपल्या शिखराच्या विटा मऊ आहेत, त्यांच्यातला चुना मऊ आहे, आणि दोघांनाही छिद्रे आहेत. पावसात त्या पाणी पितात आणि उन्हात त्याच छिद्रांतून ते सोडतात. मागील पिढीत शिखरावर सिमेंटचा गिलावा आणि वर तेलरंग चढवला गेला. ज्यांनी तो केला त्यांनी श्रद्धेने आणि त्या काळच्या समजुतीने केला. पण कडक सिमेंट आणि मऊ वीट उन्हाने सारखी हलत नाहीत. बारीक तडे जातात. तड्यांतून पाणी आत जाते, पण बाहेर पडावयाला दार राहत नाही. कोंडलेले पाणी विटांतील आणि सिमेंटमधील क्षार विरघळवते. पाणी जेथे कसेबसे उडते तेथे ते क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि वीट आतून फोडतात. ह्या वेळी कामाला सुरुवात झाली तेव्हा सिमेंटचा पत्रा अखंड निघाला आणि त्याच्या मागची वीट मुठीने उकरता येत होती. उत्तरेकडच्या बाजूला, जेथे जुना चुना तसाच राहिला होता, तेथे विटेची धारही शाबूत होती. हे पुष्कळ ग्रामस्थांनी स्वतः पाहिले आहे. बैठकीतला वाद खरा त्या दिवशी मिटला.

चुन्याचा आणखी एक गुण येथे सांगितला पाहिजे. त्याला केसासारखा तडा गेला तर पावसाचे पाणी आतला थोडा चुना विरघळवते, तड्याशी आणते, आणि तेथे हवा मिळताच त्याची चुनखडी होऊन तडा बुजतो. रोमन लोकांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे कण राहिलेले दिसतात. पूर्वी ही मळणाऱ्यांची निष्काळजी समजत. रोमजवळच्या प्रिव्हर्नम येथील भिंतीचे नमुने तपासून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की हेच कण तडे बुजवण्याच्या कामी येतात. आपल्या शिखराच्या जुन्या चुन्यातही असे कण जागोजाग आहेत. म्हणून आमच्या लोणाऱ्यांना रोमचे काही ठाऊक होते असे कोणी म्हणू नये. चुना सगळीकडे चुन्यासारखाच वागतो, इतकेच.

नव्या गिलाव्याला रंग कधी द्यावयाचा अशी विचारणा सतत होत आहे. त्यास उत्तर देण्याची सोय देवघरातच आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच. विरलेल्या चुन्याने हळद लाल होते, पण चुनखडी झालेल्या चुन्याने ती पिवळीच राहते. जुन्या शिखराचा उतरवलेला तुकडा फोडून त्यावर हळदीचे पाणी टाकले, तो आरपार पिवळा राहिला. नव्या गिलाव्याचा तुकडा वरून नखाएवढा पिवळा आणि आत लालभडक निघाला. अर्थ स्पष्ट आहे. गिलावा अजून श्वास घेतो आहे. त्याच्यावर तेलरंग किंवा प्लास्टिकचा रंग देऊ नये, आता नाही आणि पुढेही नाही. दरवर्षी यात्रेपूर्वी चुन्याच्या पातळ सफेदीचे दोन हात द्यावेत. ती सफेदी स्वतःच दगडाचा एक पापुद्रा होते. ज्या देणगीदारांनी रंगासाठी रक्कम राखून ठेवली आहे त्यांनी ती सफेदीसाठी वर्ग करावी, अशी समितीची विनंती आहे.

गाभाऱ्याविषयी एक सूचना. अभिषेकपात्रातून पडणाऱ्या विहिरीच्या पाण्याने शाळुंकेवर पांढरी रेघ उमटली आहे. ती काय आहे हे आतापर्यंतच्या विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल. ती काढण्यासाठी बाजारातील ॲसिड वापरू नये. ॲसिडने चुनखडी फेसाळून निघते खरी, पण उरलेले ॲसिड आणि त्याचे क्षार दगडाच्या छिद्रांत मुरतात आणि फरशीच्या सांध्यांतील चुनाही खातात. श्रावणात अभिषेकासाठी साठवलेले पावसाचे पाणी वापरावे आणि रोज मऊ ओल्या फडक्याने पुसावे. नवी रेघ धरणार नाही.

कामातून उरलेला विरलेला चुना देवळाच्या मागील बाजूस, जुन्या पिंपळापासून दूर, विटांनी बांधलेल्या खड्ड्यात ठेवला आहे. चुनाळ्यातल्याप्रमाणेच त्याच्यावर पाणी असेपर्यंत तो घट्ट होत नाही, आणि मुरेल तितका चांगला होतो. पुढील पाच-दहा वर्षांच्या किरकोळ दुरुस्तीला तो पुरेल. खड्ड्यावर दगडी झाकण आहे. आत चार बोटे पाणी नेहमी राहील हे पाहण्याचे काम गुरव मंडळींनी आपण होऊन पत्करले आहे. उन्हाळ्यात दर आठवड्याला एक हंडा पाणी लागेल.